हिपॅटायटिस बी आणि उसळलेलं एसजीपीटी: प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाऊ २९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी रक्तदान केलं तेव्हा रक्तपेढीने हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असल्याचं कळवलं. एसजीपीटी (यकृताच्या पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल होतं म्हणून औषध दिलं नाही, 'दर सहा महिन्यांनी तपासत राहा' एवढंच सांगितलं, आणि ते तपासणं राहून गेलं. आता तीन आठवडे थकवा, अन्नावरची वासना उडालेली, रिपोर्टमध्ये एसजीपीटी ७८० आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ३.१. डॉक्टर म्हणाले, "व्हायरस स्वतः लिव्हरला इजा करत नाही, त्याची प्रतिकारशक्तीच करते आहे." तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. आईचं म्हणणं, प्रतिकारशक्ती वाढली की व्हायरस जाईल, म्हणून सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा. मेव्हण्यांचं म्हणणं, प्रतिकारशक्तीच नुकसान करते आहे ना, मग स्टिरॉइड देऊन ती दाबा. शिवाय 'लिव्हरची सूज कमी करणाऱ्या' गोळ्यांचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

तातडीचं आधी सांगतो. काढा आजपासून बंद. स्टिरॉइड कुणाच्याही सांगण्यावरून सुरू करायचं नाही. आयएनआर ही रक्ताची तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, आणि त्यावरून लिव्हर किती काम करतंय ते सांगणारी) झाली नसेल तर उद्यावर टाकू नका, आजच करा. भाऊ दिवसा झोपाळू वाटला, बोलण्यात असंबद्धपणा आला, रात्रभर जागा राहून दिवसा पेंगायला लागला, तर हे उत्तर वाचत बसू नका, ॲडमिट करा. मी त्याला तपासलेलं नाही, सगळे रिपोर्ट पाहिलेले नाहीत. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते विचार कसा करायचा यासाठी, गोळी कोणती घ्यायची यासाठी नाही.

आता मुद्द्याकडे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. घरातल्या दोन्ही पक्षांनी त्यातून काढलेले अर्थ मात्र चुकीचे आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर आहे, एकवरून चारवर न्यायचा किंवा चारवरून एकवर आणायचा, असं दोघांनी धरलंय. लिव्हरमध्ये निदान पाच-सहा जातींच्या पेशी या कामात असतात, त्यातल्या काही नुकसान करतात, काही दुरुस्ती करतात, आणि तीच पेशी सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरं काम करताना दिसते. म्हणून मी पेशंट समोर आल्यावर 'प्रतिकारशक्ती जास्त आहे का कमी' हा प्रश्न विचारतच नाही. या पेशी कशासाठी गोळा झाल्यात, हे मी शोधतो. उपचार बहुतेक वेळा त्या कारणावर करायचा असतो.

हिपॅटायटिस बी पासून सुरुवात करू. हा व्हायरस यकृताच्या पेशीत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो आणि बाहेर पडतो, पण त्यासाठी ती पेशी फोडत नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली की त्या बाळाच्या प्रतिकारशक्तीला हा परका वाटतच नाही. अशी जवळपास ९० टक्के बाळं दीर्घकाळ व्हायरस बाळगतात, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांपर्यंत एक मिलिलिटर रक्तात कोट्यवधी व्हायरस सापडतात, तरी एसजीपीटी नॉर्मल. धडधाकट माणूस मोठेपणी पहिल्यांदा लागण होऊन येतो तेव्हा उलट चित्र: खणखणीत कावीळ होते, पण प्रतिकारशक्ती व्हायरसला हुसकावून लावते आणि दीर्घकाळ आजार राहण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे जिथे हल्ला झाला तिथे इजाही झाली आणि सुटकाही झाली. जिथे हल्लाच नाही, तिथे दोन्ही नाही.

हे नुसतं निरीक्षणावर सोडलेलं नाही. चिंपांझींवर प्रयोग झाले, कारण माणसाखेरीज हा व्हायरस ज्यांना लागतो अशा थोड्या प्राण्यांत ते येतात. त्यांच्या रक्तातल्या सीडी-८ नावाच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) औषधाने काढून टाकल्या, तर व्हायरस तसाच राहिला आणि लिव्हरलाही सूज आली नाही. पेशी परत आल्या, तेव्हा व्हायरस उतरायला लागला आणि त्याच सुमारास एसजीपीटी चढलं. संशय कुणावर घ्यायचा ते यातून स्पष्ट झालं. एक अपवाद मात्र नोंदवून ठेवतो: अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती औषधांनी फार दाबलेली असते, तेव्हा क्वचित पेशींमध्ये व्हायरसची इतकी गर्दी होते की त्या भारानेच लिव्हर निकामी होऊ लागतं. तुमच्या मेव्हण्यांना हे दाखवा: प्रतिकारशक्ती दाबली म्हणजे लिव्हर वाचलंच असं नाही.

या सीडी-८ पेशी काम कसं करतात? यकृताची पेशी आत जे काही बनवते त्याचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडत असते. व्हायरसची प्रथिनं आत तयार होत असतील तर त्यांचेही तुकडे बाहेर दिसतात. ते तुकडे नेमके ओळखणारी सीडी-८ पेशी त्या पेशीला चिकटते आणि तिला मरणाचा आदेश देते. मेलेल्या पेशीतलं एसजीपीटी रक्तात सांडतं, तुमच्या रिपोर्टमधला ७८० चा आकडा तो. पण या पेशींकडे दुसरंही हत्यार आहे. त्या इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ ही रसायनं सोडतात, आणि त्यांच्या प्रभावाखाली आजूबाजूच्या यकृतपेशी न मरता आतला व्हायरस बंद पाडतात. निम्म्याहून अधिक लिव्हरला लागण झालेली असते. सगळ्या बाधित पेशी मारूनच सुटका करायची ठरवली असती तर माणूसच उरला नसता. हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो.

मग एवढं नुकसान होतं कुठून? उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की व्हायरस ओळखणाऱ्या टी पेशी मुळात थोड्याच असतात. त्या पोचल्या की लिव्हर रासायनिक संदेश सोडतं आणि त्या हाकेवर भलत्याच पेशी, ज्यांना या व्हायरसशी काही देणंघेणं नाही, हजारोंनी येतात: इतर लिम्फोसाइट, मोनोसाइट, न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचेच निरनिराळे प्रकार. ते संदेश अडवले, किंवा न्यूट्रोफिल काढून टाकले, तर लिव्हरची इजा कमी झाली आणि व्हायरसवरचा ताबा तेवढाच राहिला. म्हणजे काम करणाऱ्या वेगळ्या आणि मोडतोड करणाऱ्या बऱ्याचशा वेगळ्या. हे वाचून 'मग फक्त मागून येणाऱ्यांना अडवा' असं कुणालाही सुचेल. माणसांत हिपॅटायटिस बी साठी असं औषध आजतरी हातात नाही.

लिव्हर या बाबतीत इतर अवयवांपेक्षा निराळं का, हेही सांगतो, कारण त्यावाचून पुढचं नीट लागणार नाही. लिव्हरमध्ये मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं आणि त्यातलं तीन-चतुर्थांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून. अन्नातली परकी प्रथिनं, जंतूंचे तुकडे, जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन, सगळं आधी इथे. या रक्ताच्या वाटेत, सायनुसॉइड नावाच्या अरुंद पोकळ्यांच्या आतल्या बाजूला कुप्फर पेशी बसलेल्या असतात. शरीरातल्या ऊतींमध्ये कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेजपैकी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) ८० ते ९० टक्के या एकट्या लिव्हरमध्ये. (गंमत अशी की १८७६ मध्ये कुप्फर यांनी सोन्याच्या क्षारांनी रंगवून ज्या ताऱ्यांसारख्या पेशी पाहिल्या, त्या बहुधा या नव्हत्याच, शेजारच्या स्टेलेट पेशी होत्या. नाव मात्र यांना चिकटलं.) येईल त्या प्रत्येक तुकड्यावर कुप्फर पेशी भडकल्या असत्या तर रोजच्या जेवणानंतर आपल्याला कावीळ झाली असती. त्यामुळे लिव्हरचा मूळ स्वभाव सोसण्याचा आहे. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉय काल्न या सर्जननी डुकरांची लिव्हरं दुसऱ्या डुकरांना बसवली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही त्यांतली कित्येक लिव्हरं टिकली. किडनी किंवा त्वचा अशी टिकत नाही. हिपॅटायटिस बी सारखा व्हायरस लिव्हरमध्येच वर्षानुवर्षं ठाण मांडतो, त्याला हा सोशीकपणाही कारणीभूत आहे.

आता भावाचं. दोन वर्षांपूर्वी एसजीपीटी नॉर्मल आणि आता ७८०. यामागे काय असू शकतं? पहिली आणि सर्वांत संभाव्य गोष्ट ही की विशी-तिशीत प्रतिकारशक्ती व्हायरसला ओळखू लागते आणि उसळी येते, आम्ही त्याला फ्लेअर म्हणतो. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण ७८० हा आकडा फक्त पेशी मरताहेत एवढंच सांगतो, कुणी मारल्या ते सांगत नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला वरून हिपॅटायटिस ए किंवा ई होऊ शकतो, आपल्याकडच्या पाण्याची अवस्था पाहता हे अगदी नेहमीचं आहे. हिपॅटायटिस डी चा व्हायरस वरून लागू शकतो. दारू असू शकते, घरच्यांना ती ठाऊक नसते. टीबीची औषधं चालू असतील तर ती. जिममधली पावडर. आणि तुमच्या घरातला काढा. म्हणून एचबीव्ही डीएनए (रक्तात बी चा व्हायरस किती आहे), ई अँटिजेन (तो जोरात वाढतोय का), हिपॅटायटिस ए, ई आणि डी च्या तपासण्या, एएनए आणि आयजीजी (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते सुचवणाऱ्या) आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं मी पहिल्याच भेटीत लिहून देतो. 'आधीच बी आहे, मग बाकीचं कशाला' हा युक्तिवाद फार ऐकू येतो. बी आहे म्हणूनच बाकीचं बघायचं.

काढ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आईंना ते पटवून द्यावं लागेल आणि 'ॲलोपॅथीवाले असंच बोलतात' हे उत्तर तयार असणार. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, सारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंटची माहिती मांडली. या पेशंटचं लिव्हर पाहिल्यावर विषबाधेचं चित्र दिसत नाही. दिसतं ते ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखं, म्हणजे स्वतःच्याच यकृतपेशींवर स्वतःच्या लिम्फोसाइटनी केलेल्या हल्ल्याचं.

माझ्याकडे आलेल्या एक बाई आठवतात, पन्नाशीच्या आसपास, थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालू. महिनोन्‌महिने रोज गुळवेल, मग कावीळ. ए, बी, सी, ई सगळं निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं. लिव्हरचा तुकडा काढून तपासला. लिव्हरमध्ये जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र जातात त्या जागेची कड निरोगी माणसात रेखीव असते. या स्लाइडवर ती कड जागोजागी तुटलेली, निळ्या ठिपक्यांसारखे लिम्फोसाइट तिथून आत यकृतपेशींच्या रांगांत घुसलेले, त्यांच्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचे पुंजके, केंद्रक एका बाजूला सरकलेलं असतं म्हणून त्या चटकन ओळखू येतात. मधूनच आक्रसलेले गर्द गुलाबी गोळे, त्या मेलेल्या यकृतपेशी. थायरॉइडचा आजार बहुतेकदा ऑटोइम्युनच असतो, म्हणजे यांच्या शरीरात स्वतःवर उलटण्याचा कल आधीपासून होता, आणि प्रतिकारशक्तीला रोज टोचणी दिल्यावर तो लिव्हरमध्ये उघडा पडला. काढा थांबवला, स्टिरॉइड दिलं, बऱ्या झाल्या. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं मी म्हणत नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच लिम्फोसाइट सुटलेले आहेत, त्याला प्रतिकारशक्ती उत्तेजित करणारं काहीही देणं मला मान्य नाही, मग ते मुळी असो, पावडर असो वा कॅप्सूल.

आईंच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे, तो नाकारू नका. प्रतिकारशक्ती चेतवून हिपॅटायटिस बी वर उपचार करणं ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण ४८ आठवडे. निवडक पेशंटमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. पण ते देताना मध्येच एसजीपीटी उसळतं, आणि लिव्हरमध्ये राखीव ताकद असेल तरच ती उसळी झेपते. कावीळ असताना, सिरोसिस झालेला असताना (लिव्हर वणांनी कडक झालेलं असताना) ते आम्ही देत नाही. तुमच्या भावाचं बिलिरुबिन ३.१ आहे. जे काम प्रमाणित इंजेक्शनने करायला आम्ही धजत नाही, ते मोजमाप नसलेल्या काढ्याने करू नये.

आता मेव्हण्यांचा मुद्दा. स्टिरॉइडने लिव्हरची सूज उतरते, हे खरं आहे, पण कोणत्या आजारात? ऑटोइम्युन हिपॅटायटिसमध्ये ते प्राण वाचवतं, पुढे ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर ठेवून वर्षानुवर्षं आजार ताब्यात राहतो. तिथे लिम्फोसाइट गोळा होण्यामागे हटवता येईल असं बाहेरचं कारण नसतं, गोंधळ त्यांच्यातच असतो, म्हणून त्यांनाच आवरायचं. कॅन्सरवरची निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी नवी औषधं टी पेशींचा ब्रेक काढतात, त्यातून काहींना हिपॅटायटिस होतो, तिथेही औषध थांबवून स्टिरॉइड देतात, आणि तेही चालतं.

हिपॅटायटिस बी मध्ये स्टिरॉइड द्या आणि काय होतं पाहा. पहिले काही दिवस एसजीपीटी उतरतं, पेशंटला भूक लागते, सगळे खूश. दरम्यान व्हायरसला मोकळं रान मिळतं, शिवाय स्टिरॉइड त्याच्या प्रती काढायला थेट मदत करतं. मग स्टिरॉइड कमी केलं की जाग्या झालेल्या टी पेशींपुढे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बाधित पेशी असतात. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते, त्यात लिव्हर निकामी होऊ शकतं. लिम्फोमा या कॅन्सरसाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी काढून टाकणारं औषध दिलेल्या पेशंटमध्ये हे इतकं पाहिलं गेलं की २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. आता केमोथेरपी किंवा अशी औषधं सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं हा नियम आहे. सांधेदुखीसाठी 'आराम देणाऱ्या पुड्या' घेणाऱ्यांमध्येही मला हेच दिसतं, कारण त्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. हे विषयांतर झालं, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात ती पुडी असेल.

दारूमुळे होणाऱ्या हिपॅटायटिसमध्ये तर स्टिरॉइडचा तिढा आणखी विचित्र आहे. तिथे लिव्हरमध्ये मुख्यतः न्यूट्रोफिल घुसतात. दारूमुळे आतड्याचं अस्तर गळकं होतं, एंडोटॉक्सिन लिव्हरमध्ये येतं, कुप्फर पेशी भडकतात आणि न्यूट्रोफिलना बोलावतात. ब्रिटनमध्ये सुमारे ११०० पेशंटवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये २८ दिवसांत १४ टक्के दगावले, न घेतलेल्यांमध्ये १७ टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगाने पडला नसेल याची खात्री देता येईना. गंभीर जंतुसंसर्ग मात्र १३ टक्के विरुद्ध ७ टक्के. म्हणून आम्ही निवडक पेशंटना देतो, सातव्या दिवशी लिल स्कोर (औषध लागू पडतंय का ते सांगणारा आकडा) काढतो आणि फायदा दिसत नसेल तर सरळ बंद करतो. सूज आहे म्हणून सूज उतरवणारं औषध, हे गणित इथेही सरळ सुटत नाही.

तुमच्या भावासाठी मग उरतं काय? टी पेशींना हात लावायचा नाही, त्या ज्याच्या मागे लागल्यात तो व्हायरस कमी करायचा. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर व्हायरसच्या प्रती काढणं थांबवतात. बाधित पेशींवर मांडल्या जाणाऱ्या तुकड्यांची संख्या हळूहळू घटते, हल्ल्याला निमित्त उरत नाही, एसजीपीटी काही आठवड्यांत उतरू लागतं. एसजीपीटी ७८० आणि सोबत कावीळ असताना, डीएनए रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबण्यापेक्षा बहुतेक लिव्हरतज्ज्ञ औषध लवकर सुरू करतील, मीही करेन. काही फ्लेअर आपोआप उतरतात आणि त्यात ई अँटिजेन निघूनही जातं, हे खरं, पण बिलिरुबिन चढत असताना ती वाट पाहायची हिंमत मी करत नाही. किती वर्षं घ्यायचं हे ई अँटिजेन आहे की नाही, लिव्हर किती कडक झालंय, यावर ठरेल. स्वतःच्या मनाने बंद केलं तर व्हायरस उसळतो आणि मागोमाग टी पेशीही. असे पेशंट आयसीयूत येतात.

'लिव्हरची सूज कमी करणाऱ्या' गोळ्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. नुकसान करणाऱ्या पेशींना अडवायचा सर्वांत गंभीर प्रयत्न फॅटी लिव्हरच्या पुढच्या अवस्थेसाठी झाला. सेनिक्रिव्हिरॉक नावाचं औषध मोनोसाइटना लिव्हरमध्ये येऊच देत नव्हतं. कल्पना पक्की वाटत होती. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२१ मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबवली. उलट वजन उतरवलं, साखर आटोक्यात आणली, की त्याच मॅक्रोफेज आपोआप शांत होतात. आणि त्यांना सरसकट अडवणं धोक्याचंही आहे. एडिंबराच्या संशोधकांचा २००५ चा प्रयोग मी शिकणाऱ्या डॉक्टरांना नेहमी सांगतो. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन लिव्हरमध्ये व्रण, म्हणजे कडक वण, तयार केले. विष चालू असताना मॅक्रोफेज काढले तर व्रण कमी झाले. विष थांबवल्यावर, लिव्हर सावरत असताना काढले, तर व्रण विरघळायचेच थांबले. पेशी त्याच, वेळ वेगळी. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेतही असंच: पेशी मारतो तो त्या गोळीपासून बनणारा विषारी घटक, उपाय ॲसिटिलसिस्टिन हा त्यावरचा उतारा, आणि मागून येणारे मॅक्रोफेज बऱ्याच अंशी मेलेलं उचलून नवं उगवायला जागा करतात.

रिपोर्ट वाचण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, घरातले सगळे एसजीपीटीच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात म्हणून सांगतो. एसजीपीटी म्हणजे किती पेशी मेल्या याचा माग, रक्तातून तो साधारण दोन दिवसांत निम्मा होतो. लिव्हर काम किती करतंय ते आयएनआर सांगतं, बिलिरुबिन सांगतं. एसजीपीटी ७८० वरून ३०० आणि आयएनआर १.१ स्थिर, बिलिरुबिन उतरतंय, तर चांगलं चाललंय. एसजीपीटी ७८० वरून ३०० आणि आयएनआर १.३ वरून २, तर पेढे वाटू नका: मरायला पेशीच कमी उरल्यात. आयएनआर १.५ च्या वर गेला आणि जोडीला शुद्धीत फरक पडला तर ते लिव्हर फेल्युअर, आणि त्या क्षणी प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं असतं. आठवड्यातून दोनदा तरी या तिन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये करा आणि तारखेनुसार एका कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचेल.

खाण्यापिण्याचं लांबण लावत नाही. घरचं साधं जेवण, तूप-तेल नेहमीइतकं, डाळ-अंडं बंद करायची गरज नाही, दारू शून्य. उसाच्या रसाने कावीळ उतरत नाही, गाड्यावरच्या रसातून हिपॅटायटिस ए मात्र मिळू शकतो. ताप आला तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, कमी मात्रेत.

राहिला घरच्यांचा भाग. भावाला ही लागण लहानपणीच, बहुधा आईकडून, झालेली असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या जन्माच्या वेळी राष्ट्रीय लसीकरणात ही लस नव्हती. हे आईंना सांगताना जपून सांगा, यात त्यांचा काहीही दोष नाही. त्यांची, वडिलांची, तुमची, बाकीच्या भावंडांची आणि भावाचं लग्न झालं असेल तर पत्नीची एचबीएसएजी (आता लागण आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का) तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही, त्यांना लसीचे तीन डोस. ज्यांना लागण आहे त्यांचं एसजीपीटी नॉर्मल असलं तरी सहा महिन्यांनी तपासणी ठरलेलीच. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि टेनोफोव्हिर सरकारी केंद्रांवर मोफत मिळतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आयएनआर आणि डीएनए रिपोर्ट आले की इथे लिहा, नावं खोडून.